न कुजलेले पेले

सामना चालू असताना माझी पाठ मैदानाकडे असायची. पंधराएक वर्षं मी आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये काम केलं, पण शेवटच्या चेंडूवरचा षटकार किंवा अखेरच्या मिनिटातला गोल असलं काही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आवाज तेवढे ऐकले. आवाजावरून मला वेगळंच कळायचं. मोठी आरोळी उठली की समजायचं, आता लोक जागेवरून उठणार आणि दहा मिनिटांत दक्षिण बाजूचे कचऱ्याचे डबे भरणार.

माझ्या कार्डावर 'सस्टेनेबिलिटी मॅनेजर' असं छापलेलं होतं. करंजाड्याच्या आमच्या सोसायटीतल्या वॉचमनने एकदा त्याचा अर्थ विचारला. मी पाच मिनिटं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे साफसफाईचं." पुढे नातेवाइकांना सांगताना मीही तेच सांगू लागले. या कामाआधीची वीस वर्षं मी एका महापालिकेच्या प्रयोगशाळेत सांडपाणी तपासत होते, त्यामुळे वासाचं वावडं नव्हतं. या धंद्यात येण्याची माझी मोठी पात्रता तीच असावी.

काम समजायला कठीण नाही. काही हजार माणसं काही दिवस एका जागी येतात. ती खातात, पितात, दिवे जाळतात, बसने येतात-जातात आणि हातातलं काहीबाही टाकून निघून जातात. यातलं किती टाळता येईल, किती पुन्हा वापरता येईल आणि उरलेलं कुठे जाईल, हे आधी ठरवायचं आणि नंतर लिहून द्यायचं. जनरेटर किती वेळ चालला, गवताला कुठलं पाणी घातलं, उरलेलं जेवण कोणाकडे गेलं, या सगळ्याची नोंद. शेवटी एक अहवाल आणि त्यात एक टक्केवारी, की एकूण कचऱ्यापैकी इतका डंपिंग ग्राउंडवर गेला नाही. आयोजकांना त्या आकड्याशीच मतलब असतो. कचरा कुठे पाठवला हे सगळे विचारतात. तिथे तो पोचल्यावर पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. माझ्याकडूनही ते विचारायचं राहिलं, त्याचीच ही हकिगत.

चार-पाच वर्षांपूर्वी पनवेलजवळच्या एका मैदानावर रग्बीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. रग्बीचे नियम माहीत असलेला माणूस आमच्याकडे शोधूनही सापडला नसता, म्हणून आसपासच्या शाळा-कॉलेजांना फुकट पास वाटले होते. मुलं झुंडीने आली. खेळ कळला नाही तरी धक्काबुक्की कळत होती, तेवढ्यावर ती खूश होती. त्यांना प्रायोजकाकडून लिंबू सरबत मिळत होतं. किती प्यावं याला बंधन नव्हतं.

त्या स्पर्धेत गिऱ्हाइकं एकेक भेटली. एका बेटावरच्या देशाचा संघ होता. सामना संपला की त्यांचे खेळाडू बर्फाच्या पाण्यात बसत. टब रिकामे करायची वेळ आली की ते पाणी मी बाहेरच्या हिरवळीकडे वळवत असे. त्यांच्या व्यवस्थापकाला हे कळलं तेव्हा तो गंभीर झाला. "त्यात आमच्या मुलांचा घाम आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "गवताची काही तक्रार नाही." त्यानंतर तो रोज सकाळी येऊन गवत बघून जायचा. जाण्याच्या दिवशी मला म्हणाला, "वाढलंय." गवत वाढायला पाच दिवस फार थोडे होते, पण मी हो म्हटलं.

दुसरे एक जाहिरात कंपनीचे गृहस्थ. त्यांना उद्घाटनाला फुगे सोडायचे होते.

"मॅडम, बायोडिग्रेडेबल आहेत," ते म्हणाले.

"किती दिवसांत कुजतात?"

"ते सप्लायरला विचारावं लागेल."

"आणि कुठे? खाडीत, की कोणाच्या गायीच्या पोटात?"

गृहस्थ निघून गेले. फुगे सुटले नाहीत. हा किस्सा मी पुढे काही महिने भाषणांत सांगत असे. हल्ली सांगत नाही, कारण ज्या आठवड्यात मी त्यांना हा प्रश्न विचारला, त्याच आठवड्यात पेल्यांच्या बाबतीत तो मी स्वतःला विचारला नव्हता.

सरबताचे पेले मक्यापासून केलेले होते. दिसायला थेट प्लास्टिकसारखे, पारदर्शक, चकचकीत. त्यांचं खत होतं हे खरं आहे, पण त्यासाठी ढिगाच्या पोटात हात घालवणार नाही इतकी ऊब आठवडेच्या आठवडे सलग राहावी लागते. नुसते मातीत पुरले तर ते वर्षानुवर्षं तसेच राहतात. हे मला ठाऊक होतं. खत करायचं काम आम्ही शेखर नावाच्या माणसाकडे दिलं होतं. पनवेलच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला त्याचं आवार होतं. मी पाहणीला गेले, लांब दांड्याचा थर्मामीटर ढिगात खुपसला. आकडा चांगला आला. मी एकाच ढिगात, एकाच जागी, एकदाच खुपसला. ही ऊब किती दिवस टिकते, हे शेखरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "टिकते ना मॅडम, आपला माल गरमच असतो." मी ते वहीत लिहून घेतलं.

शेखरच्या आवारात कचरा निवडणाऱ्या बारा बायका होत्या आणि त्यांच्या मुकादम होत्या कमळाबाई. कमळाबाई बेलपाड्याच्या. जिथे आता खारघरचे टॉवर उभे आहेत तिथे त्यांच्या सासऱ्याची भातशेती होती. साठीच्या, ठेंगण्या, तोंडात कायम मिश्री. स्पर्धेच्या पाचही दिवशी त्या मैदानामागच्या शेडमध्ये निवडीला होत्या. सरबताच्या पेल्यांत अधूनमधून बाहेरून आणलेले साधे प्लास्टिकचे पेलेही येत. मला ते खालचा शिक्का वाचून ओळखावे लागायचे. कमळाबाई पेला कानाजवळ नेऊन चिमटीत दाबायच्या.

"हा मक्याचा. कडकन मोडतं. तो दुसरा नुसता दबतं," त्या म्हणायच्या आणि न बघताही योग्य टोपलीत टाकायच्या. मी पन्नासेक पेले तपासून पाहिले. एकही चुकलेला नव्हता.

स्पर्धा नीट पार पडली. पेले यंत्रात बारीक करून, उरलंसुरलं अन्न आणि गवताची कापणी यांच्याबरोबर ढिगात गेले. आंतरराष्ट्रीय महासंघाची पर्यावरण निरीक्षक, मार्टा, दीड-दोन महिन्यांनी शेवटच्या पाहणीसाठी परत येणार होती. त्या वेळी तयार खत शेतकऱ्यांना वाटायचं, 'मैदानातून शेतात' असं काहीतरी फलकावर लिहायचं, फोटो काढायचे, ही कल्पना माझी. आयोजक कंपनीचा प्रमुख निखिल होता, माझ्याहून वीस वर्षांनी लहान आणि बोलायला गोड. त्याला ती इतकी आवडली की त्याने मार्टाची तारीख येताच पाहुणे बोलावून टाकले.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी मी आवारात गेले. कमळाबाई ढिगाजवळ उभ्या होत्या. त्यांनी मूठभर खत उचललं, तळहातावर पसरलं आणि माझ्यापुढे धरलं.

"मॅडम, हे अजून कच्चं हाय."

"वास तर नाही येत."

"वासाचं नाय वो. ह्ये बघा." त्यांनी नखाने एक कपचा बाजूला काढला. करंगळीच्या नखाएवढा, उन्हात चमकणारा. मग दुसरा. मग तिसरा. "आमच्याकडं शेणखत केलं तर आमी वर्सभर थांबायचो. ह्याला अजून पावसाळा तरी दाखवा."

मी शेखरकडे बघितलं. तो म्हणाला, "चाळून देतो, मॅडम. काही दिसणार नाही."

दिसणार नाही आणि असणार नाही यातला फरक शिकवण्यासाठी मला पगार मिळत होता. पण निखिलने पाहुणे बोलावले होते, मार्टाचं विमान निघालेलं होतं. मी म्हटलं, "बारीक चाळणी लावा." खत तयार असल्याच्या कागदावर मी त्याच सकाळी सही केली. कमळाबाईंनी तळहात झटकला आणि त्या निवडीच्या शेडकडे गेल्या.

खत घेणाऱ्या शेतकऱ्यांत जासईचे जोमादादा होते. वय सत्तरीच्या पुढचं, उंच, वाकलेले. त्यांच्या घरची बाकी जमीन केव्हाच गेली होती. उरलेल्या तुकड्याला दोन बाजूंनी कंटेनर यार्डाच्या भिंती लागलेल्या आणि तिसऱ्या बाजूला ट्रेलरची रांग. मध्ये हिरवा चौकोन. पावसाळ्यात भात, मग विहिरीच्या पाण्यावर मेथी, मुळा, माठ. भाजी ते स्वतः उरणच्या बाजारात नेऊन विकायचे. फोटोत ते मार्टाच्या शेजारी उभे आहेत, हातात खताची मूठ. हसलेले नाहीत, पण फोटोत ते कधीच हसत नसावेत. बाकीच्यांनी फोटोपुरती एकेक पिशवी नेली, टेंपोभर खत जोमादादांच्या शेतात गेलं. अहवालाच्या मुखपृष्ठावर तो फोटो आला. अहवालाला महासंघाचं प्रशस्तिपत्रकही मिळालं.

महिन्याभराने फोन आला. नाव सांगितलं नाही, पण आवाज ओळखीचा होता.

"मॅडम, तुमचं खत उगवलंय."

"म्हणजे?"

"या बघायला."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. ऊन तिरपं होतं. लांबूनच शेत चकाकत होतं. आधी वाटलं, दव असेल. जवळ गेल्यावर दिसलं की वाफ्यावाफ्यात कपचे वर आले होते. विहिरीचं पाणी सोडलं की माती खाली बसायची आणि चपटे कपचे वर उघडे पडायचे. शेखरच्या चाळणीची भोकं बारीक नव्हती, हे मी नंतर पाहिलं.

जोमादादांनी बांधावर ठेवलेली मेथीची जुडी उचलली आणि मुळांकडची बाजू माझ्याकडे केली. मुळांत, मातीत, चमचमणारे तुकडे.

"बाजारात एक बाई हाय. बारा-पंधरा वर्सं माझीच मेथी नेती. परवा जुडी परत घेऊन आली. म्हनली, दादा, ही चमकी कसली? पोरांच्या पोटात गेली म्हंजे?"

"मग?"

"मग काय. जुडी घेतली परत. दुसरी तरी कुठली देऊ?"

मी त्यांना सांगायला लागले की हे मक्यापासून केलेलं असतं, विषारी नसतं, योग्य तापमान मिळालं की... ते ऐकत होते. माझं मलाच ऐकू येईनासं झालं तेव्हा मी थांबले.

ते भिंतीकडे बोट करून म्हणाले, "ह्या कंटेनरवाल्यांनी किती वेळा मागितली ही जागा. मी फाटक उघडलं नाय. तुमाला मात्र मीच उघडून दिलं. तुमी शिकलेल्या, फॉरेनच्या बाई संगाती. मना वाटलं, बरं आसंल."

त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी तिथून निखिलला फोन लावला. शेत साफ करून द्यावं लागेल आणि अहवाल दुरुस्त करावा लागेल, असं सांगितलं.

"मॅडम, रिपोर्ट सबमिट झालाय. फाइल क्लोज झाली," तो म्हणाला.

"पण तो चुकीचा आहे. पेल्यांचं खत झालेलं नाही."

"टेक्निकली ते डंपिंगला गेले नाहीत ना? मग आकडा बरोबरच आहे."

हे खरं होतं. पेले डंपिंग ग्राउंडवर गेले नव्हते. ते जोमादादांच्या मेथीत गेले होते, आणि माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

शेखरने फोन उचलला नाही. मग मी कमळाबाईंकडे गेले. माझी बोलायची तयारी झालेली नव्हती. म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात ते बरोबर होतं."

"ते मना म्हाईतच हाय," त्या म्हणाल्या. "आता काय करायचं ते सांगा."

कमळाबाई पाच बायका घेऊन आल्या. आम्ही सलग सहा दिवस सकाळी जोमादादांच्या शेतात बसलो. मेथी आणि मुळा उपटून टाकावा लागला, जोमादादांनी तो स्वतःच्या हाताने उपटला. मग वाफ्यांवरची वरची माती खरवडून चाळायची, चाळलेली परत टाकायची, विहिरीचं पाणी सोडायचं, वर येईल ते वेचायचं, पुन्हा पाणी. पहिल्या दिवशी मी खुर्ची नेली होती. दुसऱ्या दिवशी नेली नाही. भिंतीपलीकडे क्रेन कंटेनरवर कंटेनर रचत होती, त्या आवाजात बोलता यायचं नाही, त्यामुळे काम भराभर व्हायचं. कमळाबाईंचा हात माझ्या तिप्पट वेगाने चालायचा. जोमादादांची बायको दहा वाजता तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी आणायची. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या भाकरीवर चटणी वाढताना विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन हाय?" मी सांगितलं. तेवढंच.

सहाव्या दिवशी गोण्या भरल्या होत्या आणि पाणी सोडलं की तरीही कुठेतरी चमकत होतं. कमळाबाई उठल्या, कंबर सरळ केली आणि म्हणाल्या, "बास. ह्याच्यापुढं मातीच उचलून न्यायला लागंल."

त्या गोण्या शेवटी डंपिंग ग्राउंडवर गेल्या. मी स्वतः टेंपोत बसून गेले. पोचल्या की नाही हे बघायला.

त्या आठवड्यात मी मार्टाला माझ्या नावाने पत्र लिहिलं. झालं ते क्रमाने लिहिलं: थर्मामीटर एकदाच लावला, कच्चं खत असल्याचं कमळाबाईंनी सांगितलं होतं, तरी सही मी केली. जोडीला शेताचे फोटो पाठवले. लिहिताना एक वाक्य मी तीन वेळा खोडलं. शेखरने फसवलं, असं ते वाक्य होतं. त्याने फसवलं होतंच, पण मला फसायची घाई होती, आणि एवढं सगळं एका वाक्यात बसत नव्हतं.

मार्टाचं उत्तर आलं. प्रांजळपणाबद्दल आभार, समितीपुढे ठेवते. काही महिन्यांनी महासंघाच्या संकेतस्थळावरचा अहवाल बदलला. आकडा खाली आला आणि तळटीप आली, बारीक अक्षरात, दोन ओळींची. तीत जासई नव्हतं, मेथी नव्हती. प्रशस्तिपत्रक तसंच राहिलं. मुखपृष्ठावरचा फोटोही. पुढच्या यजमान शहरांसाठीच्या नियमांत मात्र एक वाक्य घातलं गेलं, की अशा पेल्यांचं खत किमान किती काळ ढिगात असावं आणि ते कोणी, किती वेळा तपासावं. ते वाक्य माझ्यामुळे आलं, असं मला वाटतं. तसं कुठे लिहिलेलं नाही.

निखिलने पुन्हा बोलावलं नाही. मला राग आला नाही, त्याच्या जागी मीही बोलावलं नसतं. त्यानंतर दोन लहान स्पर्धा केल्या. दोन्हींत मी लग्नाच्या मंडपवाल्यांकडून स्टीलचे पेले आणवले आणि धुवायला कमळाबाईंच्या बायका ठेवल्या. पहिल्याच दिवशी बरेच पेले प्रेक्षकांबरोबर घरी गेले. आयोजक वैतागले. मी त्यांना म्हटलं, निदान ते वापरात आहेत. त्यानंतर मी निवृत्त झाले.

जोमादादांकडे मात्र जात राहिले. दर हिवाळ्यात भात निघाल्यावर ते वाफे करायचे, पहिलं पाणी सोडायचे आणि फोन करायचे. मी जायची, सकाळभर वेचायची. पहिल्या वर्षी घमेलं भरलं, दुसऱ्या वर्षी अर्धं, गेल्या वर्षी ओंजळभर निघाले. बाजारातली ती बाई परत गिऱ्हाईक झाली की नाही, हे मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "ती आता मोबाईलवरून मागवती." यात माझा दोष किती, हे त्यांनी सांगितलं नाही.

यंदा फोन लवकर आला. मुलांनी जमीन यार्डाला दिली होती. जोमादादांनी स्वतः सही केली होती. "माझ्यामागं कोन करनार?" एवढंच ते म्हणाले. मी गेले तेव्हा डंपर भराव टाकत होते. निम्मं शेत बुजलं होतं. ते बांधावर उभे होते, पायांत चपला नव्हत्या.

"मॅडम, बघा जरा," ते म्हणाले, "काय काय टाकतात ते."

मी सवयीने खाली वाकले. फुटक्या फरश्या, वायरी, सिमेंटच्या पिशव्या, थर्मोकोल, एक लहान मुलाची चप्पल, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फाटका फलक. हातात धरलं ते परत ठेवलं. इथे कोणी अहवाल मागणार नव्हतं.

"काय हाय?" त्यांनी विचारलं.

"सगळंच आहे, दादा."

त्यांनी मान हलवली. पुढचा डंपर मागे मागे येत होता, त्याची शिट्टी वाजत होती. ते माझ्याकडे वळले.

"चला, चा घेऊ," ते म्हणाले आणि बांधावरून घराकडे चालू लागले. मी त्यांच्या मागे निघाले. बांध तेवढा अजून शिल्लक होता.